‘अदा’ कुठे गेली?

मिर्झा हादी रुसवांच्या कादंबरीचं नाव ‘उमराव जान अदा’. साल १८९९. मुजफ्फर अलींनी १९८१मध्ये तिच्यावर सिनेमा काढला आणि नाव ठेवलं ‘उमराव जान’. ‘उमराव’ हे नाव कोठेवाल्या खानमनं दिलेलं. ‘अदा’ हा तिचा तखल्लुस, शायरा म्हणून तिचं स्वतःचं नाव. पोस्टरवरून नेमकं तेच गळालं.

सिनेमावर माझा राग नाही. त्याची कॅसेट मी कॉलेजात असताना झिजेपर्यंत ऐकलीय. भांडण आहे ते सिनेमाकडे बघून पुस्तक सजवणाऱ्यांशी.

एका प्रकाशकानं या कादंबरीच्या मराठी अनुवादाचे प्रूफ मला तपासायला दिले. उर्दू येते म्हणून. मुखपृष्ठावर झुंबर, घुंगरू आणि ओढणीआडून बघणारे डोळे. नाव देवनागरीत, पण अक्षरांना अशा शेपट्या नि टिंबं की बिर्याणीच्या दुकानाची पाटी वाटावी. ‘अदा’ इथंही नाही. मागच्या बाजूला ‘उमरावचा शेर’ म्हणून दोन ओळी, त्या चक्क शहरयार यांच्या! अलीगढला उर्दू शिकवणाऱ्या या शायरानं त्या सिनेमासाठी लिहिल्या. कादंबरीत इतके शेर आहेत, ते मात्र आत परिच्छेदांत कोंबलेले.

फोन केला. उत्तर आलं, “मॅडम, लोक हेच ओळखतात.”

ओळखणारच, तुम्ही दुसरं दाखवता कुठे? मुसलमान बाई म्हटली की एक तर पडदा, नाही तर मुजरा. तिसरं चित्र त्याच पुस्तकात आहे, पण त्यासाठी पुस्तक वाचावं लागतं. मौलवीसाहेबांकडे शिकलेली, मुशायऱ्यात दाद घेणारी उमराव. रुसवा तिच्या आयुष्याची कहाणी लिहितात आणि तो मसुदा तिच्याच हाती वाचायला देतात. यापेक्षा चांगलं मुखपृष्ठ कोणतं हवं? कातिबाच्या हातचं वाटावं असं एक पान, आणि ते वाचणारी बाई. आत प्रत्येक शेराला मोकळी जागा. याला खर्चही जास्त नाही.

ते मुखपृष्ठ स्टाफरूममध्ये टेबलावर होतं. वह्या ठेवायला आलेल्या नववीतल्या मुलीनं विचारलं, “टीचर, ये नाचनेवाली की किताब है ना?”

“शायरा की,” मी म्हटलं. ती पुन्हा चित्राकडे बघत राहिली.

त्याच दिवशी प्रूफ परत पाठवले. नावात ‘अदा’ येईपर्यंत आणि शहरयारांच्या ओळी निघेपर्यंत पुढचं पान तपासणार नाही, असं कळवलंय. अजून उत्तर नाही.