हंडी बांधणाऱ्याला जाब विचारा

गोविंदाला ग्लॅडिएटर म्हणणे हा सणाचा अपमान आहे, असे दरवर्षी ऐकायला मिळते. रोमचा ग्लॅडिएटर गुलाम होता, त्याला मरण्यासाठीच उभे करत; आमचा पोरगा स्वखुशीने थरावर चढतो, असा त्यामागचा युक्तिवाद. तो रोमच्या बाबतीतही चुकतो आणि नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या बाबतीतही.

आधी रोम पाहू. कलोसियम इ.स. 80 मध्ये खुले झाले तेव्हा सम्राट टायटसने 100 दिवस खेळ ठेवले. तिथे लढणाऱ्यांत गुलाम आणि युद्धकैदी होतेच, पण करार करून स्वतःहून आलेले स्वतंत्र नागरिकही होते. त्यांची कारणे आपल्या ओळखीची आहेत: पैसा, कर्ज, नाव. प्रत्येक झुंज मरणानेच संपे, हेही खरे नाही. तयार झालेला ग्लॅडिएटर महाग असे. तो दगावला तर त्याला भाड्याने देणारा मालक खेळाच्या यजमानाकडून पुरी किंमत वसूल करी, म्हणून हरलेल्याला पुष्कळदा जीवदान मिळे. एफेससला ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली आहे. तिथल्या हाडांवर भरून आलेल्या जखमांच्या खुणा आहेत, म्हणजे त्यांच्यावर नीट उपचार झाले होते. तेव्हा ‘तो स्वखुशीने आला’ एवढे म्हणून रोमचाही यजमान सुटला असता. पण तो तसा सुटला नाही, आणि मला सांगायचे आहे ते नेमके हेच.

आता हंडी. पथकातली पोरे कुरिअर पोचवतात, दुकानात उभी राहतात, कुणी रिक्षा चालवतो. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रात्रीचा सराव सुरू होतो. पाय कुठे ठेवायचा, नजर कुठे ठेवायची, वरचा डगमगला तर खालच्याने मान कशी धरायची, हे सगळे घोटून घेतले जाते. नऊ थर, त्यांतले वरचे चार एक्क्यांचे म्हणजे एकेकट्या गोविंदाचे, लागतात तेव्हा खालच्या कड्यातले लोक एकमेकांच्या खांद्यात डोके खुपसून उभे असतात; त्यांना वरचे काही दिसत नाही, फक्त वजन कळते. चौथ्या थरावरच्याच्या पोटऱ्या थरथरत असतात. एक्का चढतो, सलामीला हात उचलतो, आणि मग सगळ्यात अवघड काम उरते, थर उतरवण्याचे. हे कौशल्य आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 मध्ये ठाण्यात 13.34 मीटरचा जागतिक विक्रम केला, 2025 मध्ये तर ठाण्यात दहा थर लागले. या पोरांना रानटी म्हणणाऱ्यांनी एकदा सरावाला जाऊन बसावे.

पण त्याच चौकात मान थोडी वळवा. मंच, मंचावर खुर्च्या, मागे पुढाऱ्याचा चेहरा दोन मजले उंच. बक्षिसाचा आकडा हंडीपेक्षा वर टांगलेला. जितके थर जास्त तितकी रक्कम जास्त, आणि ती रक्कम ठरवणारा माणूस स्वतः एका थरावरही चढत नाही.

‘ही परंपरा आहे’, हा दुसरा बचाव. गोपाळकाला परंपरा आहे, यात वाद नाही. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, काला वाटला जातो, गावात आवाक्यातली हंडी फुटते. घणसोली, दिवा, कोपरखैरणे ही आगरी-कोळी गावे शहर होण्याआधीपासून हे जाणतात. त्या काल्यात लाखोंची बोली कुठे होती? रोममध्येही सुरुवात धर्मकृत्यानेच झाली. इ.स.पू. 264 मध्ये ब्रूटस पेराच्या मुलांनी बापाच्या अंत्यविधीला गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. पुढे दोन शतकांत तेच कृत्य मते मिळवण्याचे साधन झाले. परंपरेच्या नावाने जे चालते ते दर वेळी परंपराच असते असे नाही.

कायद्याने आजवर काय केले? 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची 20 फूट आणि गोविंदाचे किमान वय 18 ठरवले. 2017 मध्ये उंचीची मर्यादा उरली नाही, वय 14 वर आले. 2022 मध्ये सरकारने हंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदा दगावल्यास 10 लाख रुपये जाहीर केले. 2025 मध्ये दहिसरला सरावात अकरा वर्षांचा मुलगा थरावरून पडून दगावला. या सगळ्यात नियम गोविंदाच्या वयाला लागले, थरांच्या उंचीला लागले. रक्कम लावणाऱ्याला काय लागले?

रोमने हा प्रश्न सोडवला होता. इ.स. 27 मध्ये फिडेनी गावात अटिलियस नावाच्या माणसाने नफ्यासाठी लाकडी प्रेक्षागार उभारले, पाया कच्चा ठेवला, आणि ते भर खेळात कोसळले. रोमन इतिहासकार टॅसिटस मृत आणि जखमी मिळून 50,000 सांगतो. त्यानंतर सिनेटने अटिलियसला हद्दपार केले, आणि ठरवले की 4 लाख सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने खेळ भरवायचा नाही, जमीन तपासल्याशिवाय प्रेक्षागार बांधायचे नाही. आपल्या खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लाखो माणसे भर उन्हात उघड्या मैदानावर बसवली गेली. उन्हाच्या तडाख्याने 14 जण गेले. वारसांना पाच-पाच लाख मिळाले. ‘एवढी गर्दी बोलावणाऱ्याने सावलीची सोय केलीच पाहिजे, नाहीतर परवानगी नाही’ असा नियम त्यातून निघायला हवा होता.

रोमच्या या नियमाहून मोलाचा कायदा सिसेरोचा. इ.स.पू. 63 मध्ये कॉन्सल असताना त्याने तो करून घेतला: निवडणुकीला उभे राहण्याआधीच्या दोन वर्षांत उमेदवाराने ग्लॅडिएटरचे खेळ भरवायचे नाहीत. खेळ बंद केला नाही, खेळावर मते विकत घेणे बंद केले. आपल्याकडे उलट झाले: नवी मुंबई महापालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. इच्छुकांना लोकांपुढे यायला हंडी आणि गणपतीचे मंडप एवढेच हुकमी व्यासपीठ राहिले.

म्हणून हंडी बंद करा म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. बंदी घातली तर पथके गल्लीबोळात, गाद्यांशिवाय, रुग्णवाहिकेशिवाय थर लावतील. रोमन साम्राज्यातल्या पर्गॅममला गेलन हा वैद्य इ.स. 157 पासून ग्लॅडिएटरांची देखभाल करत होता, आणि आपल्या काळात मृत्यू कमी झाले असे तो लिहून ठेवतो. त्याची नेमणूक खेळ भरवणाऱ्या महापुजाऱ्याने केली होती. ज्याचा खेळ त्याचाच वैद्य, ही रीत आपण उचलावी.

महापालिकेने आणि पोलिसांनी परवानगीच्या कागदावरच लिहावे: वरच्या एक्क्याला दोर आणि पट्टा, खाली जाड गाद्या, अस्थिरोगतज्ज्ञासह रुग्णवाहिका, प्रत्येक गोविंदाचा विमा, आणि हे सर्व आयोजकाच्या खर्चाने. यातले काही चुकून कुणी जायबंदी झाला तर पहिला गुन्हा आयोजकावर. बक्षीस थरांच्या संख्येवर न लावता सुखरूप उतरलेल्या सलामीवर लावावे. निवडणूक लढवू इच्छिणाऱ्याचे नाव आणि चेहरा दोन वर्षे मंचावर नको. पुढच्या गोकुळाष्टमीला तुमच्या सेक्टरमध्ये मंडळ वर्गणी मागायला येईल तेव्हा पावती फाडण्याआधी या पाच-सहा गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.