ठराव कोणाला द्यायचा?

मागच्या महिन्यात सुलतानपूरला बैठक झाली. मेहकर-लोणारकडची माणसं होतीच, शिवाय सातपुड्याच्या बाजूनं, जळगाव जामोद-संग्रामपूरकडून, कोरकू आणि भिलाला भाऊ एसटी बदलत बदलत पोचले. बोलायचं होतं वनहक्काच्या दाव्यांवर, पण निम्मी बैठक संस्थांवरच गेली. दोन संस्थांनी आपल्या गावांकडे ग्रामसभेचा ठराव मागितला आहे, की यांचं काम चांगलं आहे, यांना मदत मिळावी. आणि पुण्याला कंपनीत लागलेले आपले पोट्टे फोन करून विचारतात, इथले साहेब देणगी द्यायला तयार आहेत, कोणाचं नाव सांगू?

आमचं मत आम्ही तिथं मांडलं. बरेच जण येऊ शकले नाहीत, म्हणून इथं लिहितो.

आपल्याजवळ पैसा नाही म्हणून आपण देणारे नाही, असं समजू नका. ठराव हीच आपली देणगी आहे. गावाच्या फोटोवर, बायामाणसांच्या अंगठ्यांवर शहरात पैसा उभा राहतो. देणारा एवढ्या लांबून गाव पाहायला येत नाही, तो ठराव पाहतो. घरातलं पायलीभर धान्य उसनं द्यायचं तर आपण माणूस पाहून देतो. ठराव मात्र संस्थेची जीप दारात उभी राहिली की देऊन टाकतो.

आम्हीही असाच दिला होता. एक संस्था आली, बोलायला गोड, दावे भरून देतो म्हणाली. दाव्याला पुरावा लागतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वावर आपल्या ताब्यात होतं याचा. आपल्याकडचा मोठा पुरावा म्हणजे जंगल खात्यानं बापजाद्यांना केलेल्या दंडाच्या पावत्या. ज्या कागदानं अतिक्रमणवाले ठरवलं, तोच आता कामी येतो. म्हाताऱ्यांनी त्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपल्या होत्या. त्या अस्सल पावत्या संस्थेच्या कपाटात गेल्या. झेरॉक्स कोणी काढली नाही, आम्हीही नाही. दोन वर्षांनी प्रकल्प संपला, तालुक्याची भाड्याची खोली रिकामी झाली, कार्यकर्ते दुसरीकडे कामाला लागले. पावत्या कुठं गेल्या, कोणाला सांगता येईना. चोरी झाली असं आम्ही म्हणत नाही. पण दावे अडकले ते आमचे. मग म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेत बसलो. नियमात ते चालतं, वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही पुरावा धरतात. पण तोवर शिवाच्या खुणा सांगणारे दोन म्हातारे वारले होते.

हे ऐकून बैठकीत काही जण म्हणाले, मग संस्थाच नको, सगळे सारखेच. आम्हाला हे पटत नाही. आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यात पायविहीर गाव आहे. परतवाड्याच्या 'खोज' संस्थेनं तिथं वर्षानुवर्षे साथ दिली, पण २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो ग्रामसभेच्या नावानं. उजाड जंगल गावानं राखलं, आज तिथली सीताफळं मुंबईपर्यंत जातात. संस्था सोबत आहे, मालक गाव आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्रामला दवाखाना काढला, तेव्हा तो कसा असावा हे आधी लोकांना विचारलं. म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला, नाव पडलं मा दंतेश्वरी. आणि मेंढा-लेखा तर सगळ्यांना माहीत आहे. तिथं बाहेरच्याला काही काम करायचं असेल तर आधी ग्रामसभेपुढं बसावं लागतं, आणि ठराव होतो तो सगळ्यांच्या सहमतीनं. एक जण जरी नाही म्हणाला तरी पुन्हा चर्चा. वेळ लागतो, लागू द्या.

आपणही आधी बसवू आणि विचारू. पैसा कोणाकडून येतो? त्यातला गावात किती उतरतो, गाडी-डिझेलला किती जातो? प्रकल्प संपल्यावर कागद कोणाकडे राहतील? उत्तर इंग्रजी अहवालात आहे म्हणाले तर मराठीत वाचून दाखवा म्हणायचं, कोरकू गावात कोरकूत. नोंदणी झालेल्या ट्रस्टला दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशोब द्यावा लागतो, १९५० पासूनचा कायदा आहे. त्याची प्रत ग्रामसभेत ठेवा म्हणायला लाजायचं कारण नाही. आपल्या साध्या रेशन कार्डासाठी किती कागद मागतात!

आता या दोन अर्जांचं. पहिली संस्था हिवाळ्यात ब्लँकेट वाटते. थंडीत ब्लँकेट लागतं, नाही म्हणत नाही. पण वाटताना म्हाताऱ्या माणसाला फोटोसाठी दोनदा उभं केलं, आणि हिशोब विचारला तर वरच्या ऑफिसला विचारा म्हणाले. दुसरी लहान आहे, बाया चालवतात, गाडी नाही. त्या दाव्याचा नकाशा काढायला पायी शिवार फिरल्या. हिशोब मागितला तर वही पुढं केली. नऊशे रुपये जुळत नव्हते, तेही त्यांनी आपण होऊन सांगितलं. आमचं मत दुसरीला ठराव द्यावा असं आहे, आणि तोही एकाच वर्षाचा. पुण्याच्या पोरांनीही साहेबांना हेच नाव सांगावं, आणि पैसे देण्याआधी एकदा गावात येऊन जा म्हणावं.

अर्ज पुढच्या ग्रामसभेत येतील. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया, तोच नियम या ठरावालाही धरावा. रोजगार हमीचं काम नसलेला दिवस ठरवू. ज्यांच्याकडे दंडाच्या पावत्या उरल्या आहेत त्यांनी झेरॉक्स घेऊन यावं, अस्सल घरीच पेटीत ठेवावी.