वास्तुशिल्पी आणि विटांचा हिशेब

घरातील दिवे आणि पंखे किती वीज घेतात याचा हिशेब पुष्कळ जण ठेवतात. परंतु ते घर उभे राहण्यापूर्वीच त्यात किती इंधन खर्ची पडले, इकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. वीट भट्टीत भाजावी लागते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. त्या वेळी जळणापासून तर कार्बन डायऑक्साइड निघतोच, शिवाय खुद्द चुनखडीच्या विघटनातूनही तो बाहेर पडतो. मानवी उद्योगांमुळे वातावरणात जाणाऱ्या या वायूपैकी सुमारे सात ते आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. म्हणून अनावश्यक सामग्री मुळातच न वापरणे हे वास्तुशिल्पीचे पहिले कर्तव्य होय. छपरावरील सौरपट्ट्यांचा विचार त्यानंतरचा.

याचा वस्तुपाठ लॉरी बेकर (1917–2007) यांनी केरळात घालून दिला. इंग्लंडात जन्मलेले बेकर 1945 मध्ये भारतात आले आणि पुढे येथील नागरिक झाले. तिरुवनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्राच्या इमारती ही त्यांची प्रसिद्ध कृती. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. अशा रचनेत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडविते. स्लॅबचीही गोष्ट अशीच. तिच्या खालच्या भागावर पडणारा ताण लोखंडी सळया सोसतात. तेथील काँक्रीट बहुतांशी भर म्हणूनच असते. बेकर यांनी त्या जागी टाकाऊ मंगलोरी कौले घातली. भिंतींत विटांच्या जाळ्या ठेवून त्यांनी वारा आत घेतला, आणि गिलावा शक्य तेथे गाळला.

मग हा मार्ग सर्वत्र का रूढ झाला नाही? घरमालकांची हौस हे एक कारण खरे; परंतु दुसरे कारण व्यवसायाच्या रीतीतच आहे. वास्तुशिल्पीचे पारिश्रमिक पुष्कळदा बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीने ठरते. जो विचारपूर्वक सामग्री वाचवितो, त्याचे श्रम वाढतात आणि मिळकत घटते. ज्या व्यवस्थेत काटकसर करणाऱ्यालाच दंड बसतो, तेथे केवळ उपदेशाने काय साधणार?

असल्या बांधकामास कुशल गवंडी आणि जागेवर सतत देखरेख लागते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यावरून एवढेच सिद्ध होते की, पैसा सिमेंटवर खर्च न होता माणसांच्या कौशल्यावर व्हावा. बेकर यांच्या जाळ्यांची सरसकट नक्कल करावी, असेही नाही. केरळच्या दमट हवेत जे सुखावह, ते लडाखच्या थंडीत निरुपयोगी. तेथे मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेचे ऊन हवे. अनुकरण करावयाचे ते स्थानिक हवामान, स्थानिक सामग्री आणि स्थानिक कारागीर यांपासून आरंभ करण्याच्या पद्धतीचे.

याचा प्रारंभ सरकारे आणि नगरपालिका यांनी करावा. शाळा, ग्रंथालये व दवाखाने बांधविताना वास्तुशिल्पीचे पारिश्रमिक खर्चावर न ठरविता आधीच निश्चित करावे, आणि आराखड्यासोबत विटा, सिमेंट व लोखंड यांचा हिशेब मागावा. पुलाच्या मजबुतीचा हिशेब अभियंत्याकडून मागितला जातो. मग इमारतीत गाडल्या जाणाऱ्या इंधनाचा हिशेब वास्तुशिल्पीकडून मागण्यात संकोच का असावा?