धुंडाळलेली बाग

इंग्लंडांतील ज्या सार्वजनिक बागा नाणेशोधकांनीं वर्षानुवर्षें पालथ्या घातल्या आहेत, त्यांच्याविषयीं त्या छंदांतील जाणत्यांची एक ठरलेली तक्रार असते : ‘येथें आतां कांहीं उरलें नाहीं.’ आम्हांस ही तक्रार मोठी बोलकी वाटते. शेत कापलें तर पुढल्या पावसांत पुन्हां पिकतें; फुलें तोडलीं तर दुसरीं उमलतात; परंतु जमिनींतून काढलेल्या जुन्या नाण्याच्या जागीं दुसरें जुनें नाणें कधींही उगवत नाहीं. धुंडाळलेली बाग म्हणजे एकदांच वाचतां येणारी पोथी. वाचतां वाचतां तिचीं पानें फाडीत जावें लागतें. म्हणून वाचणाऱ्यानें निदान तीं उतरून तरी ठेवावीं, एवढेंच आमचें म्हणणें.

धातुशोधक यंत्राची रीत अवघड नाहीं. दांड्याच्या टोकाशीं असलेल्या वेटोळ्यांतून बदलती वीज खेळवितात; तिच्यामुळें जमिनींतील धातूंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांची चाहूल लागतांच यंत्र सूर काढतें. लोखंडाचा सूर गाळून टाकण्याचीही सोय असते. परंतु पुष्कळांनीं तपासलेल्या बागेंत उरलेलें नाणें बहुधा एखाद्या गंजक्या खिळ्याच्या आड दडलेलें असतें, किंवा खोल गेलेलें असतें. म्हणून कसलेला शोधक पावलापावलानें चालतो, तीच हिरवळ उभी-आडवी तपासतो, आणि पेयांच्या डब्यांचीं पिशवीभर झांकणें व व्हिक्टोरिया राणीची एखादी पेनी घेऊन संध्याकाळीं घरीं परततो. ह्या चिकाटीचें आम्हांस कौतुकच वाटतें. सहलीस आलेल्या मुलाच्या खिशांतून पडलेली पेनी कोणीं उचलली म्हणून इतिहास बुडत नाहीं; तिच्याशीं आमचें भांडण नाहीं.

आमचें भांडण आहे तें आपल्याकडील कांहीं सुशिक्षितांच्या युक्तिवादाशीं. ते म्हणतात, ‘साहेबाच्या देशांत हा छंद राजरोस चालतो, मग आमच्या गडांवर आणि ओसाड पांढरीच्या टेंकाडांवर आम्हीं यंत्र घेऊन कां फिरूं नये?’

राजरोस म्हणजे कसा, तें ह्या गृहस्थांनीं पाहिलेलें दिसत नाहीं. लंडनच्या राजोद्यानांत असें यंत्र चालविण्यास मनाई आहे. इतर कोठेंही जमिनीच्या मालकाची, आणि बाग नगरसंस्थेची असेल तर त्या संस्थेची, परवानगी लागते. संरक्षित स्थळीं परवान्यावांचून यंत्र चालविणें हा १९७९ च्या कायद्यानें गुन्हा आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणें निधि सांपडल्यास १४ दिवसांच्या आंत कॉरोनरास वर्दी द्यावी लागते. एवढ्यावर न थांबतां १९९७ पासून किरकोळ वस्तूंचीही स्वखुषीनें नोंद करण्याची योजना तेथें चालूं झाली, आणि तींत आजवर १५ लाखांहून अधिक वस्तु, कोठें सांपडल्या त्या माहितीसह, नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक ह्या यंत्रवाल्यांनींच आणून दाखविल्या. आमच्या मित्रांनीं यंत्र तेवढें मागविलें. शिस्त मागविण्याचें राहून गेलें.

जागेच्या नोंदीस एवढें महत्त्व कां, हें समजण्यास परदेशीं जावयास नको. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा मोठा निधि सांपडला. नाणीं १३,००० हून अधिक. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला होता. बाकीचीं नहपानाच्याच छापाचीं होतीं. हा निधि एकत्र पाहिला व मोजला गेला, म्हणूनच नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख ज्या विजयाची ग्वाही देतात त्यास दुसरा साक्षीदार मिळाला. हींच नाणीं काळोखांत निरनिराळ्या हातांनीं एकेक करून उचललीं असतीं, तर हजारों पेट्यांत एकेक सुरेख नाणें राहिलें असतें, आणि महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक पान कोरें राहिलें असतें.

कोणी म्हणतील, जमिनींत पडून राहण्यापेक्षां आमच्या कपाटांत काय वाईट? उत्तर असें कीं, शतकानुशतकें जमिनींनें जें राखलें तें आणखी कांहीं वर्षें ती राखील; पण नाणें कोठून आलें हें कपाट सांगूं शकणार नाहीं. १८७८ चा निखात निधीचा कायदा शोधकाचा वैरी नाहीं. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडल्यास कलेक्टरास कळवावें. खरा मालक न निघाल्यास आणि सरकारनें तो न घेतल्यास सामान्यतः तीन हिस्से शोधकाचे व एक हिस्सा जमिनीच्या मालकाचा, असें तो सांगतो. सरकारनें घेतला तर धातूच्या किंमतीवर आणखी एक-पंचमांश देण्याची तरतूद आहे. लपविणारास मात्र तुरुंग आहे.

तरीही घडतें काय? २०२५ च्या मार्चमध्यें एका ऐतिहासिक चित्रपटांतील मोगली खजिन्याचा बोलबाला होऊन बऱ्हाणपुराजवळ अशीरगडाच्या पायथ्याशीं लोक रात्रीं दिवट्या, कुदळी व धातुशोधक यंत्रें घेऊन शेतें उकरीत बसले. त्या गरीब माणसांस हंसणें सोपें आहे. आम्ही हंसत नाहीं. कारण कुदळीला जी धार येते ती गिऱ्हाइकाच्या पैशानें येते, आणि तें गिऱ्हाईक दिवाणखान्यांत बसलेलें असतें. ‘कोठें सांपडलें?’ हा प्रश्न न विचारतां जुनें नाणें विकत घेणारा वकील, डॉक्टर किंवा प्राध्यापक त्या खड्ड्याचा भागीदार आहे.

वाचकांपाशीं आमचें मागणें थोडकें आहे. ज्याचा ठावठिकाणा विकणारा सांगत नाहीं तें नाणें घेऊं नये. मुलांना छंद लावावयाचा तर त्यांच्या हातीं यंत्राच्या आधीं वही द्यावी. शेतांत कांहीं सांपडलें तर कलेक्टराचें दार ठोठवावें, सराफाचें नव्हे. इंग्लंडांतील त्या बागा धुंडाळून संपल्या, पण त्यांच्या नोंदवह्या भरूं लागल्या. आमचीं टेंकाडें संपतील तेव्हां आमच्यापाशीं वहीही नसेल.