अंगठेबहाद्दर

निरक्षर मनुष्यास ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणविण्याची आम्हां सुशिक्षितांस जुनी खोड आहे. ती आता सोडावी लागेल. परदेशी शिकावयास निघालेला आमचा पदवीधर चिरंजीव व्हिसासाठी दहाही बोटे काचेवर टेकवितो. पारपत्र, आधार, सदनिकेचे खरेदीखत, सर्वत्र बोट पुढे करावेच लागते. आमचा आक्षेप बोट टेकविण्यास नाही. बोट जुळले नाही म्हणजे समोर उभा असलेला मनुष्य तो नव्हेच, या न्यायास आहे.

हा आक्षेप कलकत्त्यातून घेतला जावा हे योग्यच. कारण या विद्येचे माहेर बंगाल. 1858 साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक ठेकेदाराच्या पंजाचा ठसा कराराच्या पाठीवर घेतला, तो शास्त्रासाठी नव्हे. पुढे त्याने आपली सही नाकारू नये, असा धाक बसावा म्हणून! मूळ हे असे अविश्वासाचे. पुढे 1897 साली येथेच जगातील पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय निघाले. पद्धतीस नाव लागले पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचे. वस्तुतः दहा बोटांच्या ठशांची 1024 कप्प्यांत वाटणी करण्याचे गणित मुख्यतः काझी अझीझुल हक यांचे, आणि त्यांना हेमचंद्र बोस यांची जोड. 1901 साली ही पद्धत स्कॉटलंड यार्डात रुजली. हेन्री जगप्रसिद्ध झाले, हक आणि बोस यांच्या वाट्याला खानबहादुर व रायबहादुर या पदव्या आल्या. माणूस अचूक ओळखण्याची युक्ती ज्यांनी बसविली, त्यांनाच जग कितीतरी वर्षे ओळखत नव्हते. असो.

ते कप्पे प्रामुख्याने गुन्हेगारांसाठी होते. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हापासून ठसे देण्याची पाळी तुम्हांआम्हां सर्वांवर आली.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सांगलीकडील खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी जी मंडळी देशभर पांगली, त्यांपैकी ते एक. चाळीस वर्षे बडाबाजारात तेजाब आणि भट्टी यांच्याशी त्यांचा संसार. हातावर पोट म्हणतात ते अक्षरशः, आणि त्या पोटापायी बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. स्वतःच्याच खात्यातील पैशांसाठी ते एका कचेरीत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने त्यांना नावाने हाक मारली, घरची खुशाली विचारली, आणि यंत्राकडे पाहून म्हटले, “दादा, मिलछे ना.” जुळत नाही! बोटे धुतली, पुसली, तेल लावले, तरी नाही. ज्याने त्यांना ओळखले, त्यानेच त्यांना परत पाठविले. तीन हेलपाटे झाले, तीन दिवसांची मजुरी बुडाली.

यावर उत्तर तयार असते: बोट चालत नसेल तर बुबुळ आहे, मोबाइलवर येणारे अंक आहेत. आहेत, हे आम्हीही जाणतो. ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणास हक्काच्या लाभापासून वंचित ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालातही नमूद आहे. परंतु तो निकाल दिल्लीत आहे, आणि खिडकीवर फक्त यंत्र आहे. म्हाताऱ्याचा मोबाइल मुलाजवळ, आणि मुलगा सुरतेस!

आम्हांस यंत्रविरोधक ठरविणाऱ्यांनी ट्रान्सवालचा इतिहास वाचावा. आशियाई रहिवाशांवर नोंदणीची सक्ती झाली, तेव्हा गांधीजींनी तिच्याविरुद्ध सत्याग्रह उभारला; 1908 साली तडजोड होताच स्वतः दहाही बोटांचे ठसे दिले, आणि त्यापायी स्वकीयाचा मारही खाल्ला. वैर शाईशी नव्हतेच.

म्हणून आमची मागणी लहान आहे. ठसा न जुळल्यास दुसरा मार्ग त्याच खिडकीवर, त्याच दिवशी मिळावा. आणि तरीही कोणास परत पाठवावयाचे असेल, तर ‘हा मनुष्य तो नव्हे’ असे कागदावर लिहून, खाली परत पाठविणाऱ्या अधिकाऱ्याने आपला अंगठा उमटवावा.