चाळीस अंशांपुढची मते

१७ जुलै २०२४ला आषाढी एकादशी होती. कुर्डुवाडी, माढा, बार्शी, पंढरपूर या पट्ट्यातले अनेक छायाचित्रकार वारीच्या कामात होते. त्याच दिवशी कॅननने ईओएस आर१ आणि आर५ मार्क टू जाहीर केले आणि रात्रीपर्यंत आपल्यात मते ठरूनही गेली. आर१ला २४च मेगापिक्सेल, म्हणजे पैसे वाया. सेकंदाला ४० फोटो, म्हणजे आता क्षण सुटायचा नाही. सोनी ए९ थ्री, निकॉन झेड६ थ्री यांच्या वेळीही हेच झाले होते. कॅमेरा हातात येण्याआधी बनलेले मत आपल्या धंद्यात महाग पडते, कारण त्या मताच्या भरवशावर कुणीतरी कर्ज काढतो.

मेगापिक्सेलचेच घ्या. आपले बहुतेक काम १२ बाय ३६च्या अल्बममध्ये जाते. त्यातले एक पान १२ बाय १८ इंच. ३०० डीपीआयने त्याला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलची फाइल हे पान भरून थोडी उरते. दोन्ही पानांवर एकच फोटो पसरायचा तर लांबीला १०८०० पिक्सेल हवेत, आणि तेवढे ४५ मेगापिक्सेलच्या आर५ मार्क टूलाही पुरवता येत नाहीत. त्याची लांबी ८१९२वर थांबते. अल्बमसाठी २४ कमी पडतात हे म्हणणे हिशेबात टिकत नाही. वारीतल्या रिंगणात कडेला उभे राहून दौडत्या अश्वाचा फोटो घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला नंतर फ्रेम कापावी लागते, त्याला जास्त पिक्सेल खरोखर कामाला येतात.

आमच्या मते या नव्या पिढीतली पैसे मोजण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे: सेन्सर किती वेगाने वाचला जातो. हल्ली तालुक्याच्या मंगल कार्यालयातही स्टेजमागे एलईडी वॉल असते. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात वॉल कितीदा तरी लुकलुकते आणि वधूच्या चेहऱ्यावरून आडवे पट्टे जातात. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला सेकंदाचा पंधरावा-विसावा भागही लागू शकतो. निकॉन झेड९सारख्या थरांनी रचलेल्या (स्टॅक्ड) सेन्सरला अडीचशेव्या भागाच्या आसपास पुरतो, म्हणून तर त्यात यांत्रिक शटरच ठेवलेले नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झालेल्या ए९ थ्रीने पुढचे पाऊल टाकले. फुल-फ्रेममध्ये पहिल्यांदाच ग्लोबल शटर आले, सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जाऊ लागले. पट्ट्यांचा प्रश्न मुळातच गेला, आणि फ्लॅशही १/८०००० सेकंदापर्यंत जुळू लागला. इतर कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० ते १/२५०च्या आसपास असते. भर दुपारी अंगणात हळद लागते तेव्हा लेन्स पूर्ण उघडी ठेवून फ्लॅश मारता येणे म्हणजे काय, हे ते काम करणाऱ्यालाच कळेल. याची किंमतही मोजावी लागते: मूळ आयएसओ २५०पासून सुरू होतो आणि सावल्या उचलल्या की दाणा लवकर दिसतो. झेड६ थ्रीच्या अर्धवट स्टॅक्ड सेन्सरमध्येही वेगापायी सावल्यांत थोडी तडजोड झाली आहे.

आता उन्हाचे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचे कमाल तापमान ४० अंश लिहिलेले असते. आपल्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा त्यापुढे जातो, आणि नेमकी तेव्हाच लगीनसराई असते. २०२०चा आर५ ८के चित्रीकरणात तापून बंद पडतो अशी ओरड जगभर झाली. मार्क टूसाठी कॅननला पंखा बसवलेली ग्रिप वेगळी विकायला ठेवावी लागली. थंड देशातल्या परीक्षकाला जो कॅमेरा दोन तास चालला, तो पत्र्याच्या मांडवात किती चालेल हे आपल्यालाच तपासावे लागेल. फुफाट्याचेही तसेच. दिंडीबरोबर चालताना लेन्स बदलणाऱ्याला सेन्सर कसा मळतो हे वेगळे सांगायला नको.

आता पैशांचे. कुर्डुवाडीला रेल्वेचा वारसा आहे, म्हणून एक उदाहरण आठवते. १८९७ला इथून सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची रुळांतली रुंदी होती अवघी अडीच फूट. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपने एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असा नियम करून इंजिने आणि डबे आखले, आणि हलक्या रुळांवरून भरपूर माल वाहून दाखवला. आपल्या भांडवलाची आखणी अशीच हवी. झेड९ भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४,७५,९९५ रुपये होती. तेवढे पैसे एका बॉडीत घालून दुसरी बॉडी नसेल, दिवे जुने असतील, तर मंगलाष्टकांच्या वेळी ती एकच बॉडी अडली की संपले. शिवाय ४५ मेगापिक्सेलची, दर्जा न घालवता आवळलेली रॉ फाइलही सुमारे ५० एमबीची; पाच हजार फोटोंचे एक लग्न म्हणजे २५० जीबी, आणि सुरक्षित प्रत ठेवायची तर दुप्पट. वेगवान कार्डे वेगळी. नव्याने उतरणाऱ्या तरुणाला आम्ही स्पष्ट सांगू: आधी दोन सारख्या मध्यम बॉडी, एक चांगली झूम, भरवशाचे दिवे. ज्याची महिन्याची निम्मी कामे एलईडी वॉलपुढे होतात किंवा जो खेळ आणि रिंगण टिपून पोट भरतो, त्याने वेगवान सेन्सरसाठी जरूर पैसे घालावेत.

यापैकी कोणताही कॅमेरा ज्यांनी सराईभर वापरला आहे, त्यांनी आम्हाला लिहावे. कोणत्या महिन्यात, किती तास सलग, कोणत्या उजेडात, शटरचा कोणता प्रकार, कुठे तापला, कुठे फोकस चुकला, दुरुस्तीला पाठवला तर किती दिवसांनी परत आला. सोबत न बदललेली रॉ फाइल हवी. फाइल नसलेले मत आम्ही छापणार नाही.