शब्दांची स्तुती, पण कवी बेपत्ता

संपादक महोदय यांस,


गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या स्तंभलेखकांनी सरत्या वर्षातील आपल्या आवडत्या दहा अल्बमांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यातील निवडीविषयी माझी काहीही तक्रार नाही. आवडनिवड हा ज्याच्या त्याच्या कानांचा आणि संस्कारांचा विषय असून, त्यांतील तीन-चार अल्बम मलाही मनापासून आवडले आहेत. माझी तक्रार एकच आहे, आणि ती गंभीर आहे. या पानभर मजकुरात गायक-गायिकांची नावे आहेत, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांची आहेत, एका ठिकाणी मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराचेही नाव आहे. परंतु कवीचे नाव एकाही ठिकाणी नाही. दहा अल्बम, आणि कवी एकही नाही! त्यातल्या एका गझलसंग्रहाविषयी तर 'शब्द थेट काळजाला भिडतात' असा अभिप्राय देऊन स्तंभलेखक पुढच्या अल्बमाकडे वळले आहेत, आणि ज्या शब्दांची एवढी वाखाणणी केली ते शब्द लिहिले कोणी, हे सांगण्याची आवश्यकता त्यांना वाटलेली नाही.

ज्या गझलेच्या बाबतीत ही चूक झाली, त्या मराठी गझलेचे घर आमचा वऱ्हाड आहे. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मले. त्यांचा 'रूपगंधा' हा कवितासंग्रह १९६१ साली आणि 'रंग माझा वेगळा' १९७४ साली आला. आणि त्याच अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलगायनाची स्वतंत्र मैफल महाराष्ट्रभर रुजवली. गझलेत चाल ही शेराच्या मागून चालते, पुढून नव्हे. दोन ओळींमधला तो क्षणभराचा विराम, आणि दुसरी ओळ संपताच सभागृहातून उठणारी दाद, ही दोन्ही आधी लेखणीने योजलेली असतात आणि मग गळ्याने पार पाडलेली असतात. अशा प्रकाराच्या अल्बमाची शिफारस करताना शायराचे नाव गाळणे म्हणजे खातेदाराचे नाव नसलेला सातबारा लोकांच्या हाती देणे होय. नागपुरास रेशीमबागेत भटांच्या नावाचे भव्य सभागृह उभे आहे, ते योग्यच झाले. पण कवीचे नाव इमारतीवर कोरायचे आणि गाण्यांच्या यादीतून मात्र वगळायचे, हा न्याय मला समजत नाही.

कोणी म्हणेल, रसिकांना कवी ठाऊकच असतात. मुळीच नसतात! 'उंबरठा' या १९८२ सालच्या चित्रपटाची गाणी घ्या: संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, पण कवी एक नसून सुरेश भट आणि वसंत बापट असे दोन आहेत, आणि कोणते गाणे कोणाचे हे कोणी सांगितल्यावाचून नव्या श्रोत्याला कळण्याचा दुसरा मार्ग नाही. 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटातील तिफणीचे गाणे तर आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत बांधाबांधावर ऐकू येते. ते अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी लिहिलेले असून, एका स्थानिक समारंभात निवेदकाने ते 'पारंपरिक लोकगीत' म्हणून सादर केल्याचे मी स्वतः ऐकले आहे. आपले गाणे लोकांनी इतके आपलेसे केले, हा कवीचा गौरव आहे हे मान्य. परंतु त्या गौरवाच्या मोबदल्यात त्याचे कर्तेपणच खालसा व्हावे, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाने खपवून घेऊ नये.

हा केवळ प्रांताभिमान नव्हे, हेही स्पष्ट करतो. वसंतराव देशपांडे यांचा जन्म आमच्या मुर्तिजापूरचा, आणि 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकातील त्यांच्या गायनाचा अभिमान प्रत्येक वऱ्हाडी माणसाला आहे. तरीही ती 'वसंतरावांची पदे' असे कोणी लिहिले, तर ते नाटक लिहिणारे नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर आणि त्याला संगीत देणारे जितेंद्र अभिषेकी यांच्यावर तो अन्यायच ठरेल. आमच्या गायकाची थोरवी दुसऱ्याचा हक्क डावलून वाढावी, अशी आमची इच्छा नाही.

आमचे संत या बाबतीत अधिक दूरदृष्टीचे होते. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनातही 'तुकड्यादास' हे नाव भजनातच गुंफलेले असे, त्यामुळे गाणारा कोणीही असो, रचना कोणाची हे प्रत्येक वेळी गाण्यातूनच कळे. आधुनिक कवीला ते संरक्षण नाही. त्याचे नाव लाँग प्लेच्या वेष्टनावर असे, कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर असे, आकाशवाणीच्या निवेदनात गायकाच्या नावाबरोबर असे. वेष्टन गेले, कागद गेला, आता मोबाईलच्या पडद्यावर गायकाचे नाव आणि छायाचित्र तेवढे उरले. पडद्यावर दिसले तेवढेच उतरवून घ्यायचे असेल, तर वर्तमानपत्राला जाणकार स्तंभलेखकाची गरजच काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कर्तृत्व आपले म्हणून सांगण्याचा हक्क लेखकाला देते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने वाद्य वाजविणाऱ्या कलावंतालाही तसा हक्क मिळाला आहे. कायदा जे मानतो, ते रसिकांनी का मानू नये?

आता विषय निघालाच आहे, तर आमच्या शहरांतील संगीताच्या कार्यक्रमांविषयीही लिहितो. अमरावतीच्या राजकमल चौकात काय किंवा अकोल्याच्या रस्त्यांवर काय, भावगीतांच्या कार्यक्रमाचे जे फलक लागतात, त्यांवर शुभेच्छुक पुढाऱ्यांची छायाचित्रे रांगेने असतात, त्यांच्या नावांमागे पदव्या आणि पदे असतात. परंतु तबल्यावर कोण, हार्मोनिअमवर कोण, हे शोधूनही सापडत नाही, आणि ज्या कवीची गाणी गाऊन सभागृह भरवायचे त्याचा तर उल्लेखही नसतो. तीन तास बोटे झिजवणाऱ्या वादकाला त्या फलकाच्या एका कोपऱ्यात ओळभर जागा मिळू नये, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते. ज्या संयोजकांना पुढाऱ्यांसाठी जागा सापडते, त्यांना साथीदारांसाठीही ती सापडलीच पाहिजे.

आपल्या दैनिकाकडे माझी मागणी मोठी नाही. येत्या रविवारी हीच यादी पुन्हा छापावी, आणि प्रत्येक अल्बमापुढे कवी, संगीतकार व प्रमुख साथीदार यांची नावे द्यावीत. जागा अपुरी पडत असेल, तर दहाऐवजी सहाच अल्बम द्यावेत, पण पूर्ण नोंदीसह द्यावेत. वाचकांनाही विनंती की, कोणतेही गाणे दुसऱ्याला पाठविताना त्याखाली कवीचे नाव स्वतःच्या हाताने लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक, अकोला